बोडोदिन, नाताळ आणि उगमाचा शोध: हिवाळी सणांच्या मीमांसेची कोलकात्यातील बाजू

१. दोन नावे

२५ डिसेंबरच्या सणाला मराठीत ‘नाताळ’ म्हणतात, बंगालीत ‘बोडोदिन’. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांच्या ‘नाताल’वरून मराठीत आला. त्याच्या मुळाशी ‘जन्माचा’ या अर्थाचे लॅटिन ‘नातालिस’ हे विशेषण आहे. ‘बोडोदिन’चा शब्दशः अर्थ ‘मोठा दिवस’. हा दिवस वर्षातील लहान दिवसांपैकी एक असल्यामुळे या नावाची फोड दोन प्रकारे केली जाते. एका मताप्रमाणे ‘मोठा’ म्हणजे महत्त्वाचा, सणाचा. दुसऱ्या मताप्रमाणे या सुमारास दिवस मोठा होऊ लागतो, म्हणून तो मोठा दिवस. पहिला अर्थ सामाजिक आहे, दुसरा सौर.

सौर अर्थ स्वीकारला की एक परिचित विधान हाताशी येते: नाताळ हा मुळात ख्रिस्ती सण नव्हेच; हिवाळ्यातील अयनबिंदूशी निगडित असलेल्या प्राचीन सूर्योत्सवावर चढविलेला तो एक नवा मुलामा आहे. हे विधान युरोपात घडले. मात्र ज्या तौलनिक दृष्टीतून ते पुढे आले, त्या दृष्टीच्या जडणघडणीत कोलकात्याचा वाटा आहे, आणि त्या दृष्टीची कसोटी पाहण्याजोगी सामग्रीही त्या शहरात आणि त्याच्या परिसरात आहे. प्रस्तुत निबंधात या सामग्रीच्या आधारे दोन गोष्टी तपासावयाच्या आहेत. सणाच्या तिथीवरून त्याच्या उगमाविषयी किती सांगता येते, ही पहिली. आणि उगम सापडला तरी त्यावरून सणाचा अर्थ ठरतो काय, ही दुसरी.

आरंभीच एका संज्ञेचा खुलासा आवश्यक आहे. ‘पेगन’ या शब्दाला मराठीत नेमका पर्याय नाही. ‘मूर्तिपूजक’ हा पर्याय मिशनरी वाङ्मयातून रुळला, पण त्यात निंदेची छटा आहे. लॅटिन ‘पागानुस’चा एक जुना अर्थ ‘खेड्यातला’ असा होता, आणि तो आपल्याकडील ‘लोकधर्म’ या संज्ञेच्या अधिक जवळ जातो. भारतीय वाचकाच्या दृष्टीने हा केवळ भाषांतराचा प्रश्न नाही. ज्या वर्गवारीने प्राचीन रोमनांना ‘पेगन’ ठरविले, त्याच वर्गवारीत एकोणिसाव्या शतकातील मिशनऱ्यांनी बंगाली आणि मराठी समाजालाही बसविले. त्यामुळे ‘नाताळ मूळचा पेगन’ हे वाक्य येथे वाचताना त्याला एक वेगळा सूर लागतो. त्यात ज्ञानाइतकीच परतफेडीची भावनाही असू शकते.

२. तुलनेचे एक जन्मस्थान

विल्यम जोन्सने १७८४ मध्ये कोलकात्यात एशियाटिक सोसायटीची स्थापना केली. ग्रीस, इटली आणि भारत येथील देवतांवरचा त्याचा निबंध याच वर्षीचा. तो १७८८ मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्या खंडात छापला गेला. रोमनांचा यानुस आणि आपला गणपती यांची सांगड त्यात घातली आहे. एका समाजाने दुसऱ्यापासून देव उसने घेतले असे केवळ तर्काने, वस्तुस्थितीचा पुरावा हाती येण्यापूर्वी, म्हणता येणार नाही, असा इशारा जोन्सने निबंधाच्या आरंभीच दिला आहे. पुढे मात्र साम्यांची संख्या पुरेशी मोठी असेल तर नाते मानलेच पाहिजे, अशा दिशेने तो जातो. तौलनिक अभ्यासातील संयम आणि मोह असे दोन्ही या एका निबंधात एकत्र आढळतात.

मोहाचा परिणाम कोठवर जातो, हे त्याच नियतकालिकाने पुढे दाखवून दिले. फ्रान्सिस विल्फर्ड हा कंपनीच्या सेवेतील अधिकारी काशीत राहून पुराणांत बायबलमधील आणि पाश्चात्त्य प्राचीन कथांचे मूळ शोधीत होता. त्याला हवे ते सापडतही गेले. पण ज्या पंडिताच्या साहाय्याने हा शोध चालला होता, त्याने पोथ्यांत फेरफार करून अनुकूल मजकूर घातल्याचे उघडकीस आले, आणि १८०५ मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या आठव्या खंडात विल्फर्डनेच ते जाहीरपणे मान्य केले. ही घटना एका पंडिताच्या लबाडीची म्हणून सांगितली जाते. तिचा खरा धडा पद्धतीविषयीचा आहे. संशोधकाला कोणता उगम हवा आहे हे आधी ठरलेले असेल, तर पुरावा त्या मागणीप्रमाणे तयार होतो. विल्फर्डच्या बाबतीत तो शब्दशः तयार केला गेला. इतर अनेकांच्या बाबतीत तो निवडीतून तयार होतो.

३. रोमन पुरावा आणि त्याची मर्यादा

नाताळच्या पेगन उगमाची मांडणी सर्वपरिचित झाली ती प्रामुख्याने जेम्स फ्रेझरच्या ‘द गोल्डन बाऊ’मुळे. १८९० पासून विस्तारत गेलेल्या या ग्रंथाने मरणारा आणि पुन्हा उठणारा देव ही कल्पना साहित्यसमीक्षेलाही पुरविली. त्यापूर्वी ही मांडणी वादग्रंथांतून आली होती. स्कॉटलंडचा धर्मोपदेशक अलेक्झांडर हिस्लॉप याने ती रोमन कॅथलिक पंथाविरुद्ध वापरली, आणि त्याआधी सतराव्या शतकात इंग्लंडमधील प्युरिटनांनी नाताळवर बंदी आणताना सणाच्या अशुद्ध मुळांचा दाखला दिला होता. म्हणजे हा युक्तिवाद प्रथम श्रद्धाळूंचा होता. बुद्धिवाद्यांनी तो नंतर उचलला. उगम दाखवून सणाला नाकारणे, हे त्याचे काम दोन्हीकडे सारखेच राहिले.

प्रत्यक्ष पुरावा यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. रोमनांचा सातुर्नालिया हा सण १७ डिसेंबरला सुरू होई आणि २३ च्या सुमारास संपे. तो २५ डिसेंबरचा नव्हता. मिथ्र देवाचा जन्म २५ डिसेंबरला मानला जाई, या लोकप्रिय विधानाला प्राचीन आधार नाही. ‘अजिंक्य सूर्या’चे मंदिर सम्राट ऑरेलियनने इ. स. २७४ मध्ये उभारले. पण त्या दिवशी सूर्याचा सण असल्याचा उल्लेख प्रथम मिळतो तो इ. स. ३५४ च्या रोमन पंचांगसंग्रहात. त्याच संग्रहातील दुसऱ्या एका यादीत त्याच तारखेला ख्रिस्तजन्माचीही नोंद आहे. दोन्ही नोंदी एकाच ग्रंथात आहेत; त्यांतील आधीची कोणती, हे तो ग्रंथ सांगत नाही. लुई द्युशेन या फ्रेंच इतिहासकाराने १८८९ मध्ये दुसरा पर्याय मांडला. ख्रिस्ताचा मृत्यू आणि गर्भधारणा २५ मार्चलाच झाली अशी समजूत होती, आणि तीवरून नऊ महिने मोजून २५ डिसेंबर ही तारीख आली, असे त्याचे म्हणणे होते.

याचा अर्थ सूर्याचा संबंधच नव्हता असा नाही. पाचव्या शतकात पोप लिओ पहिला याने चर्चच्या पायऱ्यांवर थांबून उगवत्या सूर्याला नमस्कार करणाऱ्या ख्रिस्ती भाविकांची कानउघाडणी केली आहे. ‘धर्माचा सूर्य’ ही प्रतिमा ख्रिस्ती धर्मोपदेशकांना हिब्रू धर्मग्रंथांतूनही मिळालेली होती. तेव्हा सूर्य होता, ख्रिस्तजन्म होता आणि दोहोंची सरमिसळही होती. निश्चित सांगता येत नाही तो फक्त एकाने दुसऱ्याची जागा बळकावल्याचा क्रम.

या प्रश्नाचा एक दाखला कोलकात्यातच आहे. बडाबाजार भागातील १७२४ चे आर्मेनियन चर्च हे शहरातील सर्वांत जुने चर्च मानले जाते, आणि तेथे ख्रिस्तजन्माचा सण ६ जानेवारीला साजरा होतो. जन्म आणि प्रकटीकरण एकाच दिवशी मानण्याची ही पूर्वेकडील जुनी परंपरा आहे. २५ डिसेंबरच्या तारखेवरून संपूर्ण ख्रिस्तजन्मोत्सवाचा उगम ठरविणाऱ्याला या चर्चची दखल घ्यावी लागते, कारण त्याच्या परंपरेत सण आहे पण ती तारीख नाही.

४. तिथी आणि सूर्य

भारतीय पंचांगांतून याला समांतर असे उदाहरण मिळते. वराहमिहिराने सहाव्या शतकात नोंदविले की उत्तरायणाचा आरंभ आपल्या काळी मकर राशीच्या आरंभी होतो. त्या सुमारास मकरसंक्रांत आणि अयनबिंदू जवळजवळ एकत्र होते. पुढे निरयन गणना कायम राहिली आणि अयनचलनामुळे सुमारे ७२ वर्षांत एक दिवस या वेगाने दोहोंत अंतर पडत गेले. आज अयनबिंदू २१-२२ डिसेंबरला येतो आणि संक्रांत १४-१५ जानेवारीला. रोमन जगातही असेच झाले, मात्र कारण वेगळे होते. जूलियस सीझरच्या पंचांगात अयनबिंदू २५ डिसेंबरच्या आसपास मानला जाई. ते वर्ष सुमारे ११ मिनिटांनी मोठे असल्यामुळे प्रत्यक्ष अयनबिंदू १२८ वर्षांत एक दिवस या गतीने मागे सरकला. १५८२ च्या ग्रेगरीय सुधारणेने इ. स. ३२५ ची स्थिती पुन्हा आणली, सीझरची नव्हे. म्हणून नाताळ अयनबिंदूनंतर येतो, संक्रांत त्याहूनही नंतर. दोन्ही सण आज सूर्याला सोडून परंपरेला धरून आहेत.

या विसंगतीवर उपाय सुचविण्याचे काम कोलकात्याच्या एका वैज्ञानिकाकडे आले. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांगसुधारणा समितीने १९५५ मध्ये अहवाल दिला. तीत नागपूरचे के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर होते. सायन गणनेचा आग्रह महाराष्ट्रात त्यापूर्वीच शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी धरला होता. १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त त्याची चर्चा आहे. १९५७ पासून अंमलात आलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत १ पौष हा दिवस २२ डिसेंबरला येतो. म्हणजे शासकीय पौषाचा आरंभ अयनबिंदूशी जुळतो. तरीही बंगालची पौषसंक्रांत आणि महाराष्ट्राची संक्रांत जेथे होत्या तेथेच राहिल्या. गंगासागरची यात्राही हलली नाही. विज्ञानाने सूर्य कोठे आहे ते दाखविले. समाजाने सण हलविला नाही. सूर्य हेच सणाचे सार असते, तर असे घडले नसते.

याउलट, सूर्याशी तिथी जुळते पण कारण वेगळे आहे, अशीही उदाहरणे येथे आहेत. देवेंद्रनाथ ठाकुरांनी ब्राह्मधर्माची दीक्षा ७ पौषला, म्हणजे २१ डिसेंबर १८४३ रोजी घेतली. शांतिनिकेतनमधील उपासनामंदिराची प्रतिष्ठापना १८९१ मध्ये त्याच तिथीला झाली, आणि तेथील पौषउत्सव हा त्या दीक्षेचा स्मरणोत्सव आहे. २४ डिसेंबर १८८६ च्या रात्री हुगळी जिल्ह्यातील आंटपूर येथे नरेंद्रनाथ आणि त्यांच्या गुरुबंधूंनी धुनीसमोर संन्यासाचा संकल्प केला. ती नाताळची पूर्वरात्र असल्याचे त्यांच्या नंतर ध्यानी आले, असे रामकृष्ण संघाची परंपरा सांगते. बेलूर मठात आजही नाताळची पूर्वसंध्या पाळली जाते.

या दोन्ही घटनांची कागदपत्रे नष्ट झाली आहेत आणि हजार वर्षांनंतर कोणी संशोधक त्यांचा अर्थ लावतो आहे, अशी कल्पना करून पाहावी. अयनबिंदूचा आठवडा, रात्र, अग्नी, दीक्षा म्हणजे नवा जन्म: प्राचीन सूर्यपूजेचा अवशेष म्हणून यापेक्षा चांगला पुरावा त्याला कोठे मिळणार? आणि तरीही तो निष्कर्ष चुकीचा ठरेल. एका घटनेचे कारण व्यक्तीच्या जीवनक्रमात आहे. दुसऱ्या घटनेत आधी योगायोग घडला आणि अर्थ मागाहून आला. तिथीचे साम्य हा प्रश्न विचारण्याचा आधार होऊ शकतो, उत्तर नव्हे.

५. ईश्वरचंद्र गुप्त: भेटीची दिशा

सणाचा अर्थ त्याच्या वापरातून कसा घडतो, हे पाहण्यास एकोणिसाव्या शतकातील बंगाली कविता उपयोगी पडते. ‘संवाद प्रभाकर’चे संपादक ईश्वरचंद्र गुप्त (१८१२-१८५९) यांनी ‘पौषपार्वण’ आणि ‘बोडोदिन’ अशा दोन्ही विषयांवर कविता लिहिल्या. एकाच कवीने एकाच हिवाळ्यातील दोन सणांकडे पाहिलेले असणे, हा तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने भाग्याचा योग होय.

‘पौषपार्वणा’त घर आहे: पिठे करणाऱ्या स्त्रिया, चूल, खाण्याची चंगळ आणि घरातील थट्टा. ‘बोडोदिन’मध्ये शहर आहे. कवितेच्या आरंभीच हे नाव ख्रिस्ताच्या जन्मदिवसाशी जोडलेले आहे, आणि लगेच लक्ष वळते ते साहेबांच्या घरी भेटी पाठविणाऱ्या कारकून-दिवाणांकडे. भेटकी मासा, संत्री, खडीसाखर, बदाम अशा वस्तू चांगली किंमत मोजून निवडल्या जातात. या कवीला सणाच्या प्राचीनतेचे कुतूहल नाही. सण कोणाचा आणि त्यात कोण कोणापुढे वाकते, हे तो पाहतो.

उगममीमांसेच्या नजरेने पाहिले तर भेटवस्तू हा सातुर्नालियाचा अवशेष ठरतो. रोमनांच्या त्या सणात मेणबत्त्या आणि मातीच्या बाहुल्या दिल्या जात, आणि मालक गुलामांबरोबर जेवीत. काही दिवसांपुरती उतरंड उलटी होई. कोलकात्यात भेट आहे, पण तिची दिशा नेमकी विरुद्ध आहे. ती खालून वर जाते आणि उतरंड उलटविण्याऐवजी पक्की करते. घटक तोच, अर्थ उलटा. सणाचे घटक सुटे करून त्यांचे मूळ शोधणाऱ्या पद्धतीतून नेमका हा अर्थच निसटतो, कारण तो घटकात नसून संबंधात असतो. खाद्यपदार्थांचेही तसेच आहे. पौषातील पिठे नव्या तांदळाशी आणि खजुराच्या नव्या गुळाशी, म्हणजे शेतीच्या ऋतूशी बांधलेली आहेत. नाताळचा केक बंदरातून आला. १९०२ पासून चालत आलेल्या एका बगदादी ज्यू कुटुंबाच्या बेकरीतून ख्रिस्ती सणाचा केक हिंदू आणि मुसलमान घरांत जातो. येथे ‘मूळ कोणाचे’ या प्रश्नाला उत्तर देता येईल, पण त्याने कोलकात्याचा नाताळ समजणार नाही.

६. रवींद्रनाथ: जन्म आणि तारीख

ईश्वरचंद्र गुप्तांनी सणाचा सामाजिक अर्थ टिपला. रवींद्रनाथांनी त्याला आध्यात्मिक आशय दिला, आणि तोही उगमाच्या आश्रयाविना. शांतिनिकेतनमध्ये १९१० पासून ख्रिस्तोत्सव होऊ लागला. ‘खृष्ट’ या संग्रहातील ‘बोडोदिन’ या निबंधात ते जवळजवळ आपल्याच प्रश्नाला हात घालतात. परमपुरुषाचा जन्म त्यांना इतिहासातील घटना म्हणून महत्त्वाचा वाटत नाही. तो आध्यात्मिक आहे, आणि पहाटेचा प्रकाश जसा एका पहाटेपुरता नसतो तसा तोही एका तारखेपुरता नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हा दिवस आनंदापेक्षा आत्मपरीक्षणाचा आहे, असेही ते सांगतात. सूर्य येथे आहे, पण उपमा म्हणून. फ्रेझरसारखा अभ्यासक ख्रिस्ताचे स्पष्टीकरण सूर्याने देतो. रवींद्रनाथ सूर्याच्या साहाय्याने ख्रिस्ताविषयी बोलतात. पहिल्या पद्धतीत एक संज्ञा दुसरीला गिळते; दुसऱ्या पद्धतीत दोन्ही राहतात.

‘शिशुतीर्थ’ या कवितेत हे अधिक स्पष्ट होते. १९३० मध्ये जर्मनीतील ओबरआमरगाऊ येथील ख्रिस्ताच्या यातनांचे नाट्य पाहिल्यानंतर रवींद्रनाथांनी ती प्रथम इंग्रजीत लिहिली, मग बंगालीत. दीर्घ रात्र, भरकटलेला जमाव, आपल्याच मार्गदर्शकाची त्याने केलेली हत्या, पश्चात्ताप, आणि पहाटे एका झोपडीत गवतावर बसलेली आई व तिच्या मांडीवरील मूल, असा तिचा प्रवास आहे. अंधारातून उजेडाकडे, मृत्यूतून जन्माकडे, ही हिवाळी सणांची आदिम रचना येथे पूर्णपणे उपस्थित आहे. तरी कवितेत तारीख नाही आणि ख्रिस्ताचे नावही नाही. ही रचना रोमनांची की ख्रिस्ती लोकांची, असा प्रश्न येथे अप्रस्तुत ठरतो. जमावाने ज्याला मारले त्याच्याच मागे त्याला जावे लागते, ही नैतिक घटना कवितेला अनन्य करते.

टी. एस. एलियटच्या ‘जर्नी ऑफ द मेजाय’ या १९२७ च्या कवितेचे रवींद्रनाथांनी ‘तीर्थयात्री’ या नावाने केलेले भाषांतर या संदर्भात महत्त्वाचे आहे. ‘द वेस्ट लँड’च्या टिपांत एलियटने फ्रेझरचे ऋण मान्य केले होते, १९२७ मध्ये त्याने अँग्लिकन पंथ स्वीकारला. उगमाच्या ग्रंथातून श्रद्धेपर्यंत आलेल्या या कवीने पेगन आणि ख्रिस्ती यांच्यामधील संक्रमण पेगन माणसाच्या बाजूने लिहिले. त्याचे ज्ञानी पुरुष जन्म पाहून आपल्या राज्यात परततात, पण जुन्या देवांच्या जगात त्यांना आता परके वाटते. नवा जन्म त्यांना मृत्यूसारखा कष्टदायक वाटतो. ‘नव्याने जुन्याची जागा घेतली’ या इतिहासकाराच्या एका वाक्यात जे मावत नाही, ते साहित्य येथे सांगते: एका जगातून दुसऱ्यात जाताना माणसाला काय होते ते.

७. समारोप

मराठी वाचकाला या विवेचनाचे समांतर उदाहरण घरातच सापडेल. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल: एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या लोकदेवतेत दाखविले. तो शोध मोलाचा आहे. पण त्यामुळे वारकऱ्यांचा विठ्ठल ‘वास्तविक’ धनगरांचा देव ठरून अभंगांतील विठ्ठल खोटा ठरत नाही. ढेऱ्यांची ‘समन्वय’ ही संज्ञा येथे उपयुक्त आहे, कारण तीत उगमाची कबुली आहे आणि नंतरच्या अर्थालाही जागा आहे. फादर स्टीफन्सने १६१६ च्या ‘क्रिस्तपुराणा’त ख्रिस्तजन्म मराठी ओवीत आणि पुराणाच्या आकृतिबंधात सांगितला. त्याच्या सहधर्मीयांच्या दृष्टीने ‘मूर्तिपूजकां’चा असलेला तो आकृतिबंध तेथे नव्या अर्थाचा झाला.

या प्रश्नाला आज केवळ ग्रंथालयीन महत्त्व नाही. २०११ पासून कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवर राज्य शासनाच्या पुढाकाराने नाताळ महोत्सव होतो आहे. २५ डिसेंबर हा दिवस २०१४ मध्ये केंद्र शासनाने ‘सुशासन दिन’ म्हणून जाहीर केला, आणि काही हिंदू संघटना त्याच दिवशी तुळशीपूजन दिन पाळू लागल्या आहेत. एका तारखेवर दुसरा अर्थ चढविण्याची जी क्रिया चौथ्या शतकातील चर्चच्या माथी मारली जाते, ती आपल्या डोळ्यांसमोर घडत आहे. तिच्याकडे पाहिल्यास दोन गोष्टी लक्षात येतात. अशी क्रिया करणाऱ्याचा हेतू सांगता येतो. पण तिचे पुढे काय होईल, हे हेतूवरून सांगता येत नाही. ते सण पाळणारी माणसे ठरवितात.

म्हणून ‘नाताळ मूळचा कोणाचा’ या प्रश्नाचे उत्तर जितके प्रामाणिक, तितके ते मर्यादित असणार. त्या प्रश्नाच्या आडून ‘नाताळवर हक्क कोणाचा’ हा दुसरा प्रश्न येत असेल, तर समीक्षकाने त्या दोहोंतील भेद दाखविला पाहिजे. जोन्सचा आरंभीचा इशारा आणि विल्फर्डची नंतरची कबुली यांच्यामध्ये तौलनिक अभ्यासाला किती जागा आहे, हे कोलकात्याने दोनशे वर्षांपूर्वीच दाखविले होते. मराठीने नावातच जन्म ठेवला, बंगालीने वाढता दिवस किंवा मोठा सण. या नावांपैकी एकही मूळ सिद्ध करीत नाही. ती सांगतात ते एवढेच, की बाहेरून आलेल्या एका सणाला दोन भाषांनी आपापल्या परीने घरात घेतले.